रिकाम्या खाटा

मुलांच्या मोफत दवाखान्याचं अनुदान कापायला साहेब आले. वॉर्डातल्या वीसपैकी चौदा खाटा रिकाम्या बघून त्यांना हुरूपच आला.

"सिस्टर, जनतेचा पैसा या गाद्यांवर झोपा काढतोय."

असले दीडशहाणे मी अठ्ठावीस वर्षांत पुष्कळ पाहिलेत. मी त्यांना बाहेरच्या रांगेपाशी नेलं. आयांच्या कडेवर पोरं होती. कुणाला साधा खोकला, कुणाला कालपासून ताप.

"पूर्वी इथे फी होती. आया पगाराची वाट बघायच्या आणि पोर निळं पडल्यावर धावत यायच्या. तेव्हा एकेका खाटेवर दोन-दोन पोरं असायची. तुम्हाला खाटा भरलेल्या हव्या असतील, तर उद्यापासून दारात पैसे घेते."

साहेबांनी पेन खिशात घातलं. त्या वर्षी अनुदान वाढलं.

आज सतरा खाटा रिकाम्या आहेत.