तिसऱ्याचं नाव

१९४२च्या सप्टेंबरात भडगावजवळच्या आमच्या गावी चावडीसमोर गोळीबार झाला. तिघे पडले. दोघांची नावं पंचनाम्यात आली. तिसऱ्यापुढे पोलीस पाटील अभिमन यांनी ‘अनोळखी’ असं लिहून दिलं.

तो त्यांचा सख्खा पुतण्या होता, लोटन. बंडवाल्याचं घर म्हणून जप्ती येईल, सगळ्यांना उचलून नेतील, या भीतीने पाटील गप्प राहिले. प्रेत पोलिसांनीच जाळलं. लोटनची विधवा आई झुंबरबाई हिला मोठ्याने रडताही आलं नाही. गावाला ठाऊक होतं, पण कोणी बोललं नाही.

पुढच्या वर्षी नऊ ऑगस्ट आला. चळवळीत गेलेल्यांची त्या दिवशी देशभर आठवण करायची, असा निरोप गुपचूप फिरत होता. सरकारने जमावबंदी लावली. फौजदार सहा शिपाई घेऊन सकाळीच चावडीवर येऊन बसले.

“वहिनी, आज घरमाच ऱ्हा,” अभिमन म्हणाले. “जमावबंदी शे.”

“मी एकलीच जास. एकलीना जमाव व्हत नही.”

श्रावणी सोमवार होता. बायका फुलं घेऊन महादेवाला निघाल्या होत्या. झुंबरबाई मात्र चावडीसमोर थांबली आणि तिने ताटलीतली फुलं जमिनीवर ठेवली. तीन ठिकाणी.

फौजदार उठून आले. “दोघांचं समजलं. हे तिसरं कोणासाठी?”

ती बोलेना. नाव घेतलं असतं तर दीर अडकला असता. मागून येणाऱ्या बायका जागच्या जागी थबकल्या. शिपायांनी काठ्या सरसावल्या.

“पाटील, ही बाई कोण? तिसरा कोण होता?”

फौजदारांच्या मागे उभे असलेले अभिमन पुढे आले. झुंबरबाई त्यांच्याकडे बघतही नव्हती.

“ही मनी वहिनी शे,” ते म्हणाले. “तिसरा मना पुतन्या व्हता, लोटन. वळखीसन बी मी नाव सांगं नही.”

“खोटा पंचनामा? याचं काय होईल, माहीत आहे?”

“माहीत शे.”

झुंबरबाई मटकन खाली बसली आणि अकरा महिन्यांत पहिल्यांदा नाव घेऊन रडली. शिपाई तिला उठवायला पुढे झाला, तेव्हा फौजदारांनी मानेनेच नको म्हटलं. अभिमन यांना मात्र हातकड्या पडल्या.

पाटीलकी गेली. सहा महिने सक्तमजुरी झाली. घरची बैलजोडीही सरकारने नेली.

सुटून आल्यावर अभिमन यांनी गिरणा नदीकाठी डोकं भादरून घेतलं आणि लोटनचे पिंड दिले. झुंबरबाईने माफ केलं, असं कधी म्हटलं नाही. त्या दिवशी तिने त्यांना स्वतःच्या हाताने जेवायला वाढलं, आणि ते जेवेपर्यंत समोर बसून राहिली.