लॉर्ना हौगेनचा एकच अग्रक्रम

ब्रेकेन गावच्या साप्ताहिकाने शाळा मंडळाच्या दोन्ही उमेदवारांना एकच प्रश्न पाठवला होता: निवडून आलात तर आपल्या शाळा-जिल्ह्यासाठी तुमचे अग्रक्रम कोणते? उत्तर पंचाहत्तर शब्दांत हवं होतं. लॉर्ना हौगेनने ते चार शब्दांत दिलं. ‘सात नंबरची बस राहणार.’

संपादकाचा फोन आला. “लॉर्ना, अजून एकाहत्तर शब्द शिल्लक आहेत तुझे.”

“गेलनला दे. त्याला लागतात.”

संपादक सरळ माणूस. त्याने खरोखरच दिले. गेलन स्ट्रोमचं उत्तर एकशे शेचाळीस शब्दांचं छापून आलं आणि त्यातला प्रत्येक शब्द छपरावर होता. शाळेच्या जेवणघराचं छप्पर गळत होतं हे खरं. मुलं ताट घेऊन बसायची आणि सूपमध्ये वरून भर पडायची. गेलनचं म्हणणं असं, की सात नंबरची बस चार नंबरमध्ये मिसळून टाका, वाचलेल्या पैशात छप्पर होतं. तीनशे मुलांच्या डोक्यावर छप्पर की सहा मुलांसाठी अख्खी बस? हिशेब कोणालाही पटावा असाच होता. लॉर्नालाही कधीकधी पटायचा. मग सकाळी पावणेसहाला ती कॅनडाच्या सीमेजवळच्या त्या शेवटच्या फाटकाशी बस उभी करायची, सहा वर्षांची मारेन दोन्ही हातांनी दांडा धरून पायऱ्या चढायची, आणि हिशेब पुन्हा चुकायचा. मारेनला आत्ताच शाळेत पोचायला दीड तास लागे. बस मिसळली की दोन तास दहा मिनिटं लागणार होती.

एकोणीस वर्षं ती बस लॉर्नाच चालवत होती. मंडळात सात जागा. बसलेले सहाजण सात नंबरच्या प्रश्नावर तीन विरुद्ध तीन असे अडलेले. म्हणून सातव्या जागेसाठी ती उभी राहिली. निवडणुकीला अठरा दिवस उरले असताना मंडळाची कारकून बर्नडीन तिच्याकडे आली, हातात भट्टीत भाजलेल्या बटाट्याच्या हॉटडिशचं भांडं घेऊन. आमच्याकडे भांडं घेऊन कोणी आलं की समजावं, कोणीतरी गेलं तरी आहे किंवा काहीतरी जाणार आहे.

“अगं, तुझा अर्ज मी परत वाचला,” बर्नडीन म्हणाली. “मागची बाजू.”

“मागच्या बाजूला काय आहे?”

“कायदा आहे. जिल्ह्याचा पगार घेणाऱ्याला मंडळावर बसता येत नाही. निवडून आलीस तर बस सोडावी लागेल तुला.”

“आणि मग बस कोण चालवणार?”

बर्नडीनने भांड्यावरचं झाकण सारखं केलं. बदली ड्रायव्हरसाठी दोनदा जाहिरात दिली होती. एकच अर्ज आला, आणि त्या गृहस्थाचं लायसन्स दारू पिऊन चालवल्याबद्दल जप्त झालेलं होतं. अर्जात मात्र त्याने ‘अनुभव भरपूर’ असं लिहिलं होतं.

“मी अर्ज मागे घेते.”

“मुदत मंगळवारी संपली गं.”

“मग आज का सांगतेस?”

“मंगळवारी हॉटडिश झाली नव्हती,” बर्नडीन म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

लॉर्ना रात्रभर कुशी बदलत राहिली. नवरा ऑरिन म्हणाला, “निवडणुकीत पडण्याइतकं सोपं काही आहे का जगात? मी चारदा पडलोय, त्यात एकदा तर बिनविरोध असताना.” त्यावरून तिला सुचलं. दुसऱ्या दिवशी फेरी संपवून ती थेट गेलनच्या धान्याच्या कोठारावर गेली. दोघं एकाच वर्गातले, त्यामुळे प्रस्तावनेची गरज नव्हती.

“गेलन, मी पडते. जागा तुझी. पण सात नंबरला हात लावायचा नाही.”

“आणि छप्पर?”

“छपरासाठी मी स्वतः दारोदार फिरून पैसे मागते. शिडीवर पण चढते.”

गेलनने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. आमच्याकडे विचार करायची हीच पद्धत आहे. “ठीक आहे,” म्हणाला आणि त्याने हात पुढे केला. गेलन स्ट्रोमने हात मिळवला म्हणजे दगडावरची रेघ. बर्नडीन येऊन गेल्यापासून लॉर्ना पहिल्यांदा नीट जेवली.

फक्त एक गोष्ट ती विसरली. आपण कोणत्या गावात राहतो, ते.

ब्रेकेनमध्ये ताटलीतला शेवटचा तुकडा कोणी उचलत नाही. चर्चच्या तळघरात केक कापला की शेवटच्या तुकड्याचा अर्धा कोणीतरी घेतं, त्या अर्ध्याचा अर्धा दुसरं, आणि शेवटी मुंगीपुरता उरतो तो ताटलीसकट घरी जातो. कोणी आग्रह केला तर तीनदा नाही म्हणायचं. कोणी स्तुती केली तर ती लगेच, तिथल्या तिथे परत करायची. जवळ ठेवली तर चोरीसारखं वाटतं.

उमेदवारांची सभा जेवणघरात झाली. खुर्च्या बादल्यांच्या मधूनमधून मांडल्या होत्या. लॉर्ना पहिली उठली.

“मला मत देऊ नका,” ती म्हणाली. “मी या कामाची नाही. गेलन माझ्यापेक्षा हुशार आहे, कष्टाळू आहे, छपराचं त्याला कळतं. मत गेलनला द्या.”

टाळ्यांनी पत्रा हलला. इतकं चांगलं भाषण ब्रेकेनने ऐकलं नव्हतं. मागच्या रांगेतली एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, “पोरीला किती चांगलं वळण आहे बघा.”

मग गेलन उठला. लॉर्नाने त्याच्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. गेलनलाही ते कळलं. ठरलेलं त्याच्या लक्षात होतं, शपथेवर सांगतो. पण शंभर माणसांसमोर त्याची स्तुती झाली होती आणि ती त्याच्या अंगावर तशीच पडून होती. त्याचा चेहरा बीटासारखा लाल झाला. तोंड उघडलं आणि पन्नास वर्षांचे संस्कार बाहेर पडले.

“छे, छे, मी कसला हुशार! लॉर्नापुढे मी कोण? मत... मत लॉर्नालाच द्या.”

म्हणाला आणि खाली बसला, आपला ट्रॅक्टर आपल्याच पायावरून गेल्यासारखा.

“अरे गाढवा,” लॉर्ना दात आवळून म्हणाली.

“तोंडातून गेलं गं,” गेलन कुजबुजला. “तू कशाला एवढं चांगलं बोललीस? थोडी शिवी घालायचीस की मला!”

निकाल लागला. लॉर्नाला सहाशे अकरा, गेलनला चौऱ्याण्णव. त्या चौऱ्याण्णवांत एक मत लॉर्नाचं होतं. गेलनचं तिच्या बाजूला पडलं होतं. स्वतःला मत देणं त्याला जमलं नाही.

लॉर्नाने जागा नाकारली. लोकांना ते शोभूनच दिसलं. मंडळाचा अध्यक्ष व्हर्लिन याने रिवाजाप्रमाणे तिला तीनदा विचारलं, आणि तिसऱ्या नकारानंतर सगळे हसून थांबले, कारण तिसऱ्यानंतर माणूस हो म्हणतो. ती म्हणालीच नाही. मग जागा गेलनला देऊ केली. गेलनला ती हवी होती. दिलेला शब्द त्याचं मन कुरतडत होता. पण सहाशे अकरा माणसांनी आपल्याला नको म्हटलंय, हे ठाऊक असताना त्या खुर्चीत बसायचं कसं?

“मला कापून टाक लॉर्ना, पण ते मला जमणार नाही,” तो म्हणाला. “माझी आई थडग्यातून उठेल.”

तर खुर्ची रिकामी राहिली. तीन विरुद्ध तीन. बरोबरी झाली की ठराव पडतो, म्हणून बस चालू राहिली. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. दर महिन्याच्या बैठकीत व्हर्लिन विचारायचा, “रिकाम्या जागेवर बसायला कोणी तयार आहे का?” आणि शंभर माणसं आपापल्या बुटांकडे बघायची. लॉर्ना मागच्या रांगेत बसून श्वास धरायची. एकदा एकाने नाक खाजवायला हात उचलला, तेव्हा तिच्या हातातली कॉफी सांडली. मारेन मुळाक्षरं संपवून अख्खी वाक्यं वाचायला लागली होती. रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचायची, आणि त्या वाटेवर पाट्या तीनच असल्यामुळे तीच तीन वाक्यं रोज.

जानेवारीच्या बैठकीला टोबिन रायस नावाचा मनुष्य आला. ऑगस्टमध्ये ॲरिझोनाहून येऊन त्याने बंद पडलेली बँक विकत घेतली होती आणि तिथे मेणबत्त्या बनवत होता. बैठकीला कॉफी फुकट असते, एवढंच त्याने ऐकलं होतं.

“रिकाम्या जागेवर बसायला कोणी तयार आहे का?” व्हर्लिनने विचारलं.

“मी बसतो की,” टोबिन म्हणाला.

पहिल्या हाकेला!

जेवणघरात बादलीत पडणारा थेंब ऐकू आला. व्हर्लिनने आशेने दुसऱ्यांदा विचारलं. टोबिन म्हणाला, “हो, म्हटलं ना, बसतो.” बर्नडीनने शपथेचा कागद पुढे केला.

पुढचा विषय बस मिसळण्याचा होता. टोबिनने वर छपराकडे पाहिलं, खाली बादल्या मोजल्या, किती मुलांची बस आहे ते विचारलं. सहा, असं कोणीतरी सांगितलं. फाटक किती दूर, ते त्याने विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही; न विचारलेलं सांगणं म्हणजे आगाऊपणा. लॉर्ना उभी राहिली, पण बैठकीत नागरिकांनी बोलायची वेळ अर्ध्या तासापूर्वीच संपली होती. ती बसली. चार विरुद्ध तीन.

सगळं गाव टोबिनवर चिडलं. ठरावावर नव्हे. विचारल्या विचारल्या खुर्चीत बसला म्हणून. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या मेणबत्त्या कोणी घेईना. तो पार्किंगमध्ये लॉर्नाजवळ आला. “ताई, माझं काही चुकलं का?”

“मत चुकलं,” लॉर्ना म्हणाली. “हात वर केलास, ते नाही. तेवढं मी करायला हवं होतं, बर्नडीन आली त्या दिवशी. सगळ्या गावासमोर उभं राहून, ‘मला ही बस हवी’, असं सरळ.”

“मग का नाही केलंत?”

ऑरिनने पिकअप सुरू केली होती. ती त्यात जाऊन बसली.

मिसळलेल्या बसचं वेळापत्रक बनवायचं काम ड्रायव्हरचंच असतं, आणि ड्रायव्हर लॉर्नाच राहिली होती. लॉर्नाने ते तीनदा बनवलं. कुठूनही सुरू केलं तरी पहिलं नाव मारेनचंच येत होतं: पाच वाजून पाच मिनिटं. शुक्रवारी शेवटच्या फाटकाशी तिने कागद मारेनच्या हातात दिला, आईला द्यायला. मारेनने तो स्वतःच वाचला, बोट फिरवत, आता तिला येत होतं.

“पाच म्हणजे सकाळ की रात्र?”

“तू झोपूनच राहा,” लॉर्ना म्हणाली. “आईला सांग, कांबळ्यात गुंडाळून फाटकापाशी आण. मी उतरून आत उचलून ठेवीन तुला.”

रूटवर असताना ड्रायव्हरने आपली जागा सोडून खाली उतरायचं नाही, असा जिल्ह्याचा नियम आहे. एकोणीस वर्षं तिने तो पाळला होता.