फुर्बा शेर्पांचं व्याख्यान

"कोट तो पहनना पडेगा, फुर्बासाब. पब्लिक उसी के वास्ते आई है," सिद्धाराम हत्तुरे म्हणाला.

खाटेवर पिसांनी भरलेला, गादीसारखा फुगीर कोट पसरला होता. बाहेर भवानी पेठेतले पत्रे एप्रिलच्या उन्हानं तडतडत होते. आंग फुर्बा शेर्पांनी कोटाकडे पाहिलं, सिद्धारामकडे पाहिलं आणि निमूटपणे बाह्या चढवल्या. सोळाव्या वर्षापासून साहेबलोकांनी जे पाठीवर दिलं ते त्यांनी वाहिलं होतं. हे त्यातलंच एक.

सिद्धारामचं चादरींचं दुकान होतं. पण वर्तमानपत्रातल्या बर्फाच्या चित्रांनी त्याला असं वेड लावलं होतं, की त्यानं सोलापुरात गिर्यारोहण मंडळ काढलं. मंडळाची आजवरची सर्वांत उंच चढाई म्हणजे भुईकोट किल्ल्याचा बुरूज, आणि तीही पायऱ्यांनी. त्र्याहत्तर सालच्या उन्हाळी व्याख्यानाला मात्र त्यानं खरोखरचा शेर्पा आणला. दार्जिलिंगला पोरांना गिर्यारोहण शिकवणारे फुर्बा हिमालयातल्या एका प्रचंड शिखरावर जाऊन आले होते. त्या शिखराचं नाव मंडळाच्या एकाही सभासदाला नीट उच्चारता येत नव्हतं, म्हणून पत्रकावर नुसतंच 'महाशिखर' छापलं होतं.

मिरवणूक टांग्यातून निघाली. पुढे बँड, मागे सभासद, मधे कोट, काळा चष्मा घातलेले आणि हातात बर्फ फोडायची कुऱ्हाड घेतलेले फुर्बा.

"ह्यो हिमालयावाला व्हय?" रस्त्यावरून कुणीतरी विचारलं.

"व्हय की. हात लावून बघ, गारेगार लागतोय का."

पहिल्या चौकात फुर्बांनी हसून हात हलवला. दुसऱ्या चौकात नुसताच हात हलवला. तिसऱ्या चौकात त्यांनी टांगेवाल्याच्या खांद्यावर मान टाकली ती उचललीच नाही. महाशिखर गाठलेला माणूस शुक्रवार पेठेच्या तोंडाशी आडवा झाला. बँडवाल्यांना मागचं दिसत नव्हतं. ते वाजवत पुढे निघून गेले.

टांगा घरी परत आला. सिद्धारामची बायको दाक्षायणी हिनं एका हातानं कोटाची बटणं काढली आणि दुसऱ्या हातानं नवऱ्याला बाजूला सारलं.

"तुमीच घाला की ह्यो कोट, अन् फिरा पेठंतनं."

"अगं, पब्लिकचा उत्साह..."

"उत्साह ऱ्हाऊ दे. कांदा आणा आतनं."

सिद्धारामनं कांदा आणला. त्याची आई ईरम्मा यांनी तो फोडून पाहुण्याच्या नाकाशी धरला आणि कैरीचं पन्हं पाजलं. फुर्बांनी डोळे उघडले, तेव्हा समोर कपाळभर विभूती लावलेली म्हातारी पंखा हलवत बसली होती. ईरम्मांचं माहेर अक्कलकोटकडचं, बोली अर्धी कन्नड. पण शेजारणींशी बोलून बोलून बाजारी हिंदीही त्यांना येत होती.

"डोंगर कू कायकू गये थे?" त्यांनी विचारलं. "ऊपर देऊळ हाय?"

"नहीं, माँ."

"पानी?"

"नहीं. बरफ."

"फिर बकरी गुमी थी?"

फुर्बा पोट धरून हसले. लहानपणी ते याक राखायचे. धाकट्या भावाला घेऊन दार्जिलिंगला निघाले तेव्हा त्यांच्या आईनंही असंच विचारलं होतं, की हरवलेलं जनावर सोडून दुसऱ्या कशासाठी माणूस एवढ्या वर जातो?

संध्याकाळी शाळेच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. सिद्धारामचा मलमली सदरा घालून फुर्बा बोलायला उभे राहिले.

"हम ऊपर गये. बहुत ठंड था. फिर नीचे आये. धन्यवाद." आणि ते खाली बसले.

सिद्धारामला घाम फुटला. कार्यक्रम दीड तासाचा होता. त्यानं माईक ओढून घेतला. "शेर्पासाहेब म्हणतात, हम ऊपर गये. म्हणजे काय? तर उजवीकडे पाताळापर्यंत दरी, डावीकडे कोसळणारे कडे, डोक्यावर घोंगावणारा वारा..." या तीन शब्दांवर त्यानं पाऊण तास काढला. टाळ्यांवर टाळ्या पडत होत्या. फुर्बा मन लावून ऐकत होते. मधेच त्यांनी हळूच विचारलं, "ये मैंने बोला?"

"मतलब वही निकलता है, साब."

मग प्रश्न सुरू झाले. तिप्पण्णा मास्तरांनी विचारलं, शिखरावर पोचल्यावर मनात पहिला विचार कोणता आला?

"सोचा, अब उतरना है," फुर्बा म्हणाले.

"साहेबांना मातृभूमीचं स्मरण झालं," सिद्धारामनं सांगितलं. पुन्हा टाळ्या.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आवाज आला. ईरम्मा उभ्या होत्या. "साथ में कौन था?"

"मेरा छोटा भाई."

"वो बी आया ना नीचे?"

फुर्बा खाली बघत, एकेक वाक्य जुळवत सांगू लागले. उतरताना तुफान आलं. भाऊ थकला होता, मोहिमेचा साहेबही थकला होता. दोघांना एकदम आणणं शक्य नव्हतं. "साब को लाने का काम था. भाई को टेंट में रखा. बोला, आता हूँ. साब को छोडके फिर ऊपर गया. टेंट नहीं था."

सभागृह सिद्धारामकडे बघू लागलं. त्यानं माईक धरला.

"ते म्हणतात," तो म्हणाला, "भावाला तंबूत ठेवून ते साहेबाला खाली घेऊन आले. परत वर गेले, तर तंबू नव्हता."

पुढे त्यानं एक शब्दही जोडला नाही. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. लोक उठून शांतपणे बाहेर पडले, आणि आभाराचं भाषण तसंच राहून गेलं.

घरी आल्यावर फुर्बा अंगणात भिंतीला टेकून बसले. ईरम्मा काशाची वाटी आणि बोटभर तूप घेऊन आल्या. उन्हाचा दाह तळपायातून काढायचा होता.

"मोजे काढ."

फुर्बा घुटमळले. दार्जिलिंगपासून इथवर त्यांनी ते मोजे उतरवले नव्हते. मग त्यांनी ते काढले. दोन्ही पायांची पुढची बोटं नव्हती. परत वर जाऊन तंबू शोधत बसले होते, तेव्हा बर्फानं ती नेली होती.

दारात उभ्या असलेल्या दाक्षायणीनं पदर तोंडाशी नेला. ईरम्मांनी पाय मांडीवर ओढला, तशी फुर्बांनी तो मागे घेतला.

"आप बडे हो, माँ. पैर को हाथ मत लगाओ."

"गप बस," ईरम्मा मराठीतच म्हणाल्या, आणि तळव्यावर वाटी फिरवू लागल्या.

थोड्या वेळानं मंडळाचे सभासद शाल, नारळ आणि सभागृहात राहून गेलेलं आभाराचं भाषण घेऊन आले. सिद्धाराम उंबऱ्यातच आडवा उभा राहिला. सर्वांत मोठ्या आवाजाचा माणूस म्हणून पेठेत ओळखला जाणारा तो, कुजबुजत म्हणाला, "उद्या या. झोपलेत ते."

फुर्बांची मान भिंतीला टेकली होती, तोंड किंचित उघडं होतं. वाटीखालचं तूप काळं झालं होतं. ईरम्मांनी तो पाय हळूच खाली ठेवला आणि दुसरा मांडीवर घेतला.