तीन ठोके आणि ट्रम्पेट

"कार्यक्रम बसून पाहायचाय, की कोथरुडात वरात काढायचीय?" नाजिमाने स्वयंपाकघराच्या दारातून विचारले.

हुसेनभाईंनी मान वर केली नाही. मांडीवरच्या जुन्या टॉवेलावर उजवा बूट आडवा ठेवून ते त्याच्या टाचेवर ब्रश फिरवीत होते. बूट बँडमधले होते. काळे, जाड तळाचे, टाचेला लोखंडी नाल ठोकलेले. बँड सोडल्यापासून ते पलंगाखालच्या खोक्यात पडून होते, आणि तरीही दर ईदेला त्यांना पॉलिश होत असे.

"ज्याचा सत्कार असतो तो चपला घालून जात नाही," ते म्हणाले.

"सत्कार ट्रम्पेटचा आहे. पायांचा नाही."

"पायांचाच आहे. बघशील तू."

"लग्न झाल्यापासून बघतेच आहे," नाजिमा म्हणाली आणि आत गेली. ती मूळची वाईची. त्यांच्या घरात मराठीच चाले, आणि त्या मराठीत शेवटचा शब्द बहुधा तिचा असे.

या वादाला एक जुना इतिहास होता. हुसेनभाई शनिवार पेठेतल्या एका ब्रास बँडमध्ये ट्रम्पेट वाजवीत, त्या काळात टीव्हीवर 'दारात कोण?' नावाचा खेळ लागत असे. दाराआड एक पाहुणा उभा असे आणि खेळणाऱ्यांनी प्रश्न विचारून तो कोण ते ओळखायचे. खेळापेक्षा लोकांना त्याची सुरुवात प्रिय होती. पडदा प्रथम पूर्ण काळा असे. त्या काळोखात तीन ठोके पडत. मग एकटे ट्रम्पेट उसळून उठे, काळोखात प्रकाशाची एक उभी रेघ उमटे, ती रुंदावत जाऊन अर्धे उघडलेले दार दिसे आणि निवेदकाचा भरदार आवाज विचारी, "दारात कोण?" उत्तर बरोबर आल्याखेरीज ते दार पुरते उघडत नसे. घरोघरी पोरे त्या ठोक्यांबरोबर जमिनीवर मूठ आपटीत. हुसेनभाईंच्या वाड्यात तर प्रश्न आला की प्रत्येकजण एकेका नटाचे नाव ओरडे. नाजिमा तेवढी चुलीपाशी बसून म्हणे, "दूधवाला असेल."

ट्रम्पेट हुसेनभाईंचे होते, हे सगळे मानत. ते तीन ठोके दारावरचे नसून आपल्या बुटांचे आहेत, हे मात्र त्यांच्याखेरीज कोणीही मानत नसे.

आणि ते खरे होते. वरातीतला वाजवणारा उभ्या जागी सूर लावत नाही. मास्तरची शिट्टी झाली की आधी जागच्या जागी तीन पावले, आणि चौथ्यावर फुंकर. श्वास त्या पावलांतूनच भरून येतो. मुंबईला ध्वनिमुद्रणाच्या वेळी त्यांना बजावले होते, "मुळीच हलू नका." ते हलले नाहीत, आणि सूर दर वेळी फाटला. शेवटी वैतागून त्यांनी डोळे मिटले, समोर लक्ष्मी रस्ता आणला, आणि पाय आपोआप उचलले गेले. सूर असा लागला की काचेपलीकडचे निर्माते उठून उभे राहिले. "पाय राहू द्या," ते म्हणाले होते. "कुणीतरी दार वाजवतंय असं वाटतंय." तोवर त्या कार्यक्रमाला दारही नव्हते आणि ते नावही नव्हते.

ही हकिकत हुसेनभाईंनी आयुष्यभर सांगितली. ती त्यांनी कमी वेळा सांगितली असती, तर कदाचित लोकांनी तिच्यावर विश्वास ठेवला असता.

जिनत त्यांना न्यायला आली. त्यांची ही एकुलती मुलगी कोथरूडच्या शाळेत गणित शिकवीत असे. तिची नजर बुटांवर गेली, क्षणभर तिथेच राहिली, आणि ती म्हणाली, "अब्बा, गुडघा दुखेल त्यांनी."

"दुखू दे."

या विषयात जिनत कधीच पुढे बोलत नसे. चौथीत असताना तिने वर्गात मोठ्या अभिमानाने सांगितले होते की ते ठोके माझ्या अब्बांच्या बुटांचे आहेत. वर्ग हसला होता. "जिनतचे अब्बा पायांनी दार वाजवतात!" हे तिला वर्षभर ऐकावे लागले. घरी येऊन तिने काहीच सांगितले नाही. मात्र तेव्हापासून 'दारात कोण?' सुरू झाले की ती उठून पाणी भरायला जाई. हुसेनभाईंनी कारण कधी विचारले नाही. त्यांना ते ठाऊक होते. सत्काराच्या पत्रावर त्यांनी ताबडतोब होकार कळवला तो शालीच्या हौसेने नव्हे. त्यांना मुलीला शेजारी बसवून ते ठोके मोठ्या भोंग्यांतून ऐकवायचे होते. चांगल्या यंत्रावर लोखंड आणि लाकूड यांतला फरक बहिऱ्यालाही कळेल, अशी त्यांची खात्री होती.

कार्यक्रमाचे नाव होते 'अशी व्हायची सुरुवात'. जुन्या टीव्हीवरच्या खेळांच्या आरंभीच्या चित्रफिती मोठ्या पडद्यावर दाखवायच्या, त्यांचे जुने संगीत ऐकवायचे, आणि लोकांनी आवडीचा कौल दिलेल्या सुरुवातीला शेवटचे मानाचे स्थान द्यायचे. कौल 'दारात कोण?'ला मिळाला होता. सगळे जमवून आणणारा आमोद हा पस्तिशीतला ध्वनितंत्रज्ञ होता. ते खेळ टीव्हीवर लागत तेव्हा त्याने ते कधी पाहिले नव्हते, पण कुठून कुठून जुन्या फिती मिळवून तो महिनोन्‌महिने त्यांच्यावर राबला होता.

नाजिमा पहिल्या रांगेत जाऊन बसली. आमोद बापलेकींना कौतुकाने यंत्रापाशी घेऊन गेला. "काका, तुमचा पीस एकदा ऐकाच. मूळ फितीवर इतकी खरखर होती, तुम्हाला सांगतो! आता एकदम क्लीन."

त्याने बटण दाबले. काळोख झाला. हुसेनभाईंनी जिनतच्या मनगटावर हात ठेवला.

काळोखातून थेट ट्रम्पेट निघाले.

सूर लखलखीत होता, तरणाबांड होता, आणि हुसेनभाईंना तो अनोळखी वाटला.

"ठोके?" त्यांनी विचारले.

"कुठले ठोके?"

"आधीचे. तीन."

"अच्छा, ते!" आमोद हसला. "ते काढले मी. नॉइज होता, काका. रेकॉर्डिंगच्या वेळी कुणीतरी चालत होतं."

"कुणीतरी नाही. मी."

जिनतने मान वळवली. वर्गात विचारावा तसा तिने सावकाश प्रश्न विचारला. "कुणीतरी चालत होतं, हे कशावरून? दारावरचे ठोके नसतील कशावरून?"

"दाराचे असते तर वेगळे घेतले असते ना, ताई. हे त्याच माइकवर आहेत, त्याच दमात. तिसऱ्यानंतर श्वास घेतल्याचंसुद्धा ऐकू येतं. शंभर टक्के वाजवणाऱ्याचेच पाय."

जिनत वडिलांच्या बुटांकडे पाहत राहिली.

"परत घाला ते," हुसेनभाई म्हणाले.

"मूळ कॉपी घरी आहे, काका. विश्रांतवाडीला. आता जाऊन यायचं म्हणजे पडदा उघडायची वेळ टळेल. आणि खरं सांगू? लोकांच्या लक्षातसुद्धा येणार नाही. ट्रम्पेट महत्त्वाचं. तो तर तुमचाच आवाज आहे."

"बरोबर बोललात. ट्रम्पेट महत्त्वाचं. आमच्या बँडात ट्रम्पेटवाले पुष्कळ होते. त्यांतल्या कुणीही ते वाजवलं असतं, कदाचित माझ्याहून बरं. दार मात्र माझ्या पायांनी आलं. तुम्ही पाहुण्याला न विचारता घरात घेतलंत आणि उंबरा फेकून दिलात. आता शाल कुणाला देताय?"

"काका, इतकं मनावर—"

"मी रागावलेलो नाही. मी फक्त विचारतोय. शाल कुणाला देताय?"

शाल नको, असे सांगून हुसेनभाई पहिल्या रांगेत येऊन बसले. नाजिमाने त्यांचा चेहरा पाहिला.

"काय झालं?" तिने मग जिनतला हळूच विचारले.

"ठोके काढून टाकले, अम्मी," जिनत म्हणाली. आणि थांबून म्हणाली, "अब्बांचेच होते."

सभागृह भरले. एकेक सुरुवात पडद्यावर येऊ लागली. कुठे रंगीत दिव्यांचे चाक गरगरले, कुठे भले मोठे घड्याळ टिकटिकले, कुठे अक्षरांच्या पाट्या उलटत जाऊन नाव तयार झाले. लोक प्रत्येक सुरुवात गुणगुणत होते, आणि ज्यांना शब्द आठवत नव्हते तेच सर्वांत मोठ्याने. हुसेनभाईंच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेले आप्पासाहेब नावाचे वयोवृद्ध गृहस्थ प्रत्येक फितीनंतर मत देत होते. "घड्याळ बरं होतं. खेळ भिकार होता."

शेवटी निवेदिका म्हणाली, "आणि आता, आपल्या सर्वांची लाडकी सुरुवात!"

काळोख झाला. त्या काळोखात शेकडो मुठी खुर्च्यांच्या हातांवर उचलल्या गेल्या. पोरपणीची सवय होती ती. कोणी कोणाला सांगितले नव्हते. पण मुठी आपटायच्या आत ट्रम्पेट सुरू झाले. काही मुठी उशिरा पडल्या, काही पडल्याच नाहीत, आणि सभागृहातून एक नाराजीची कुजबूज उठली.

"अहो, यंत्रावर कोण आहे?" आप्पासाहेबांनी बसल्या जागेवरून खणखणीत विचारले. "दार वाजवल्याशिवाय घरात शिरायची पद्धत पुण्यात कधी सुरू झाली?"

हशा पिकला. आमोदने फीत थांबवली. दिवे लागले. निवेदिका कागद चाळू लागली. पण त्यांत या प्रसंगासाठी काहीच लिहिलेले नव्हते.

तेव्हा जिनत उठली. पहिल्या रांगेतून उठून ती सभागृहाकडे तोंड करून उभी राहिली. रोज साठ मुलांसमोर बोलणाऱ्या त्या बाईचा आवाज पहिल्या शब्दाला कापला, मग स्थिरावला.

"ते ठोके दारावरचे नव्हते," ती म्हणाली. "ट्रम्पेट वाजवणाऱ्याच्या बुटांचे होते. ते माझे वडील. मी हे पूर्वी एकदा सांगितलं होतं, तेव्हा सगळे हसले होते. तुम्हीही हसलात तर हरकत नाही. ते इथे बसलेत, आणि बूट त्यांच्या पायांत आहेत."

कोणी हसले नाही. आप्पासाहेबांनी वाकून शेजारी पाहिले, बूट नीट निरखले आणि म्हणाले, "नाल आहे. लोखंडी. मग बसलात काय, उठा की!"

हुसेनभाई उठले. रंगमंचाच्या पायऱ्यांवर गुडघ्याने तक्रार केली. ती त्यांनी ऐकली नाही. आमोद स्वतः धावत आला आणि त्याने एक माइक त्यांच्या पायांशी, लाकडी फळ्यांवर, आडवा ठेवला. "काका," तो हलकेच म्हणाला, "सॉरी. तुम्ही म्हणाल तेव्हा."

"मी म्हणणार नाही," हुसेनभाई म्हणाले. "तिसऱ्या पावलानंतर तुम्हाला कळेल."

पुन्हा काळोख झाला. हुसेनभाईंच्या तोंडात आता बसवलेले दात होते. त्या ओठांना ट्रम्पेटची फुंकर पेलणारी नव्हती, आणि याचे दुःख त्यांनी केव्हाच करून संपवले होते. त्यांनी डोळे मिटले. समोर लक्ष्मी रस्ता आला. मास्तरची शिट्टी झाली.

ठप. ठप. ठप.

त्या ठोक्यांबरोबर सभागृहभर मुठी पडल्या. तिसऱ्यानंतर हुसेनभाईंनी छातीभर श्वास घेतला, तो माइकमधून सगळ्यांना ऐकू आला, आणि त्या श्वासावर बरोबर त्यांचे तरुणपणचे ट्रम्पेट उसळले. दुखऱ्या गुडघ्यावर ते पावले मारीतच राहिले, कारण वरातीत सूर चालू असताना पाय थांबवत नाहीत. पडद्यावर प्रकाशाची रेघ उमटली, रुंदावली, दार अर्धे उघडले. रंगमंचाच्या मधोमध उभ्या असलेल्या हुसेनभाईंची सावली त्या प्रकाशात पडली आणि नेमकी दाराच्या फटीत उभी राहिली.

निवेदकाचा तो जुना, भरदार आवाज घुमला. "दारात कोण?"

जिनतने डोळे पुसायचा प्रयत्न केला नाही. तिच्या शेजारून, चुलीपाशी बसून बोलावे इतक्या साध्या स्वरात, नाजिमा म्हणाली, "उघडा. आमचेच आहेत."

फीत तिथेच संपत होती. पडद्यावरचे दार अर्धेच राहिले. हुसेनभाईंनी दोन्ही टाचा जुळवल्या आणि वरात दारी पोचल्यावर बँडवाले उभे राहतात तसे ते, हात खाली सोडून, ताठ उभे राहिले.