कवडूभाऊंची पंगत

मी तापट आहे, हे आमच्या नागपूरच्या फार्मसी विभागात सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्र्याऐंशीच्या एप्रिलमधल्या त्या शनिवारी गायसुद्धा तापली असती. माझे गाईड मधुसूदन सर सकाळीच सांगून मोकळे झाले, "उत्तरा, आज फरक दिसला नाही तर शंखपुष्पी बंद. दुसरा विषय घे." दोन वर्षं मी रामटेकच्या बांधाबांधावरून शंखपुष्पी गोळा केली, आणि हे म्हणे दुसरा विषय.

प्रयोग साधा. पांढरा उंदीर काचेच्या बरणीत, पाण्यात सोडायचा. टाकीचं पाणी हात पोळत होतं, म्हणून त्यात माठातलं मिसळलं होतं. उंदीर आधी हातपाय मारतो, मग हार मानून नुसता तरंगतो. उदासीवरचं औषध लागू पडलं असेल तर तो जास्त वेळ पोहतो. त्याआधी तीन आठवडे पहिल्या पिंजऱ्याला साधं पाणी, दुसऱ्याला शंखपुष्पीचा अर्क, तिसऱ्याला अर्क आणि वर एक इंजेक्शन. मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात, सेरोटोनिन हा त्यातला एक निरोप्या. ते इंजेक्शन त्याला तयारच होऊ देत नाही. अर्क त्याच्या वाटेनं काम करत असेल, तर तिसरा पिंजरा हरायला हवा.

दुसरा पिंजरा झकास पोहला. मग पहिला सोडला, तर तोही तेवढाच पोहला. साध्या पाण्यावरचे उंदीर! सरांनी पेनाचं टोपण काढलं.

"तिसरा आता कशाला?" सर म्हणाले.

मी हट्टानं सोडला. दोन मिनिटांत सहाच्या सहा उंदीर तरंगायला लागले. सर थबकले. अर्क कुचकामी असता तर तिसराही पहिल्यासारखाच पोहला असता. "पहिल्या पिंजऱ्याला कोणी काही दिलं का?" त्यांनी विचारलं.

जनावरांचं दाणापाणी बघणारे आमचे कवडूभाऊ खाली बघत पुढे आले. "म्या देल्लं साहेब. उरलेला अर्क त्याइच्या बाटलीत टाकत होतो. पंगतीत एकाले शिरा अन् एकाले नुसतं पाणी? आपल्यानं असं वाढवत नाही."

"तीन आठवडे? माझं वाटोळं केलंत तुम्ही," मी ओरडले. आणि ओरडता ओरडताच माझी ट्यूब पेटली. म्हणजे पहिला पिंजराही अर्कावरच होता. म्हणूनच तो पोहला.

कालच आलेला एक पिंजरा कोपऱ्यात होता. त्याला कवडूभाऊंनी अजून अर्क वाढला नव्हता. त्यातला उंदीर मी बरणीत सोडला. घड्याळ सरांनी स्वतः धरलं. मी हात पदरात गुंडाळले. हा पोहत राहिला तर दोन वर्षं पाण्यात.

एक मिनिट गेलं. दीड मिनिट. पाय मंदावले, थांबले, आणि तो निपचित तरंगला. मी लहान पोरीसारख्या टाळ्या पिटल्या. त्याच्यामागून सोडलेले पाचही तसेच तरंगले.

"तो बिचारा हरून राहिला अन् तुम्ही हसून राहिल्या बाई," कवडूभाऊ म्हणाले.

"आजचे आकडे वहीत धरायचे नाहीत," सर म्हणाले. "सोमवारपासून सगळं पहिल्यापासून. विषय तोच, शंखपुष्पी."

मी पुढे झाले आणि कवडूभाऊंच्या पाया पडले. त्यांनी खरं सांगितलं नसतं तर शंखपुष्पी आजच संपली होती. दहा मिनिटांपूर्वी याच माणसावर मी ओरडले होते. ते घाईघाईनं मागे सरले आणि मला रडू फुटलं.