मधल्या सुट्टीचं कुलूप

आमच्या शाळेत बासष्ट पोरं आणि दोन शिक्षक. मुख्याध्यापक निम्मे दिवस पनवेलला मीटिंगला असतात, मग भावना मॅडम एकट्याच. मी शाळा झाडतो, पाणी भरतो आणि मधल्या सुट्टीत मैदानावर उभा राहतो. माझी नात रूपा तिसरीत आहे. दिवाळीनंतर आमच्या कातकरी वाडीतली बाकी पोरं आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेली, ही एकटी उरली. ती येते ती मैदानासाठी, हे मला ठाऊक आहे. पण त्या नादाने तिला वाचता यायला लागलं. मला ते साठीत जमलं.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत रूपा मैदानातल्या चिंचेवर चढली. तिच्यामागून अंकिताही चढली. ही पोर नुकतीच शहरातून, कामोठ्याहून राहायला आलेली, झाडाची सवय नसलेली.

आम्हा कातकऱ्यांत पोर झाडावर असलं की खालून कोणी आवाज देत नाही. आवाजाने पोर खाली बघतं आणि हात सुटतो. गप जाऊन खाली उभं राहायचं. मी तसाच उभा राहिलो, हात पसरून.

एवढ्यात मॅडमनी व्हरांड्यातून बघितलं आणि त्या जोरात ओरडल्या, "अंकिता, आधी खाली उतर!"

पोरीने मान वळवली आणि माझ्या हातांपासून वीतभर लांब पडली. मनगट मोडलं.

दुसऱ्या दिवशी तिचा बाप जगन आला. तो रिक्षा चालवतो.

"पांडूबाबा, तुमी तिथंच होता ना?"

"होतो."

"मंग हाक मारायला काय जीभ झिजली असती?"

"हाक मारली की पोर पडतं."

"आन् नाय मारली तर काय उडतं? वा रं शानपना."

मॅडम खाली मान घालून बसल्या होत्या. त्यांची नोकरी कंत्राटी. ओरडलं कोण, ते मी सांगितलं नाही. त्यांनीही नाही.

मुख्याध्यापक सरांनी जबाब लिहिला. मी बोट ठेवून वाचला. 'पांडू हे हजर असूनही त्यांनी मुलीस हटकले नाही.' त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मी सही केली.

मैदानाच्या फाटकाला कुलूप लागलं, किल्ली सरांकडे. आता पोरं खिचडी खाऊन व्हरांड्यात रांगेत बसतात. मी मॅडमना म्हटलं, थोडा वेळ तरी उघडू. त्या म्हणाल्या, "बाबा, मला दोनच डोळे आहेत. परत कोणी पडलं तर मी काय करू?"

शुक्रवारी घरी जाताना रूपाने विचारलं, "आजा, कुलूप कवा काडनार?"

"सरांना विचारतो."

"कालबी विचारलंस तू."

"परत विचारीन."

"नको विचारू. आयेला भट्टीवरून बोलावनं आलंय. मी बी जाते. तितं कोन बसवून ठेवत नाय."

मी तिला सांगितलं की तिथे डोक्यावर विटा घेऊन चालावं लागतं, दिवसभर. माझी मान त्यानेच अशी वाकडी झाली.

"चालंल," ती म्हणाली.

मी तिच्या आईशी बोललो. ती म्हणाली, "तुमीच सांगा, तिला इथं कशासाठी ठेवू?"

सोमवारी सकाळी वाडीच्या तोंडाशी टेम्पो आला. रूपा आईच्या आधी वर चढून बसली. माझी शाळा उघडायची वेळ झाली होती.