ताकदीची गोळी

"आमची ताई आहे म्हणून मी उभी आहे हो!" पाठदुखीचं विचारलं की धाकटीचं हे ठरलेलं उत्तर. दोघी बहिणींचा शाळेचे गणवेश शिवायचा कारखाना होता. कारखाना कसला, दोन खोल्या, पाच शिलाई मशिनं आणि कापडाच्या गठ्ठ्यांतून अंग चोरत चालायचं. कॉलर लावावी तर धाकटीनंच. सकाळी ती मशीनवर टेकली की ताई एका हातात पाणी आणि दुसऱ्या तळहातावर पांढरी गोळी घेऊन हजर. "घे गं बाई, ताकदीची." तासाभरात पाठ अशी मोकळी व्हायची की धाकटी मान वर न करता शिवत राहायची. आई गेल्यावर ताईनंच तिला लहानाचं मोठं केलेलं. गोळी कशाची, हे विचारायचं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. आईला कोणी असं विचारतं का?

मग एक दिवस गठ्ठा उचलताना पाठीत कट्‌कन झालं आणि ती मटकन खाली बसली. नवऱ्यानं उचलून दवाखान्यात नेलं.

"मणका दबलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चाळिशीत हाडं म्हातारीसारखी विरळ! आणि रक्तातलं लोह पार तळाला गेलंय. शौचाला काळं होतं का?"

"होतं की. पण ताई म्हणाली, ताकदीच्या गोळीत लोह असतं, त्यानं होतंच तसं."

"एवढं लोह खाताय, मग रक्तात का नाही? ती गोळी आणा बघू."

नवऱ्यानं कारखान्यातून पाकीट आणलं. बाईंनी ते वाचलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, कसलं लोह! यात स्टेरॉइड आहे आणि वेदनाशामक. दुखणं दाबतं, पण आतून हाडं पोखरतं, पोटात जखम करतं. काळं होत होतं ते रक्त. आता एकदम बंदही करायची नाही, आम्ही हळूहळू कमी करू."

तरी धाकटी ताईचीच बाजू घेत राहिली. बिचारीला काय ठाऊक? दुकानदारानं गंडवलं असणार! तिला घोर लागला तो वेगळाच. संध्याकाळी ताई दवाखान्यात भेटायला आली, तशी तिनं ताईचा हात घट्ट धरला.

"ताई, ती गोळी फार वाईट आहे गं. तुझी पाठ धरली होती तेव्हा तूही घ्यायचीस ना? अजून घेत असशील तर आधी डॉक्टरांना दाखव!"

"मी? छे! मी कधीच सोडली. मला तर डॉक्टरांनी तेव्हाच दरडावलं होतं, हाडांचा भुगा होईल म्हणून..."

ताईनं जीभ चावली. पण बोलून गेली होती.

"तेव्हाच?" धाकटीनं हात सोडला. "म्हणजे मला द्यायला लागलीस त्याच्याही आधी?"

"तू रडायचीस गं, मला बघवायचं नाही. आणि शाळा उघडायच्या तोंडावर कॉलरी कोण लावणार होतं?"

"तू झोपून होतीस तेव्हा तुझं काम कोणी केलं, ताई? मी दोघींची मशिनं ओढली. तुला उठू दिलं नाही." धाकटीला हुंदका आवरेना. "परक्यानं केलं असतं तर शिव्या घालून मोकळी झाले असते. तुला काय घालू?"

डोळे पुसत ताई धाकटीच्या पाठीखालची उशी सारखी करायला वाकली.

"राहू दे," धाकटी म्हणाली. "नर्सबाई करतील."